लिनक्समधील फाइल परवानग्या

फाइल परवानग्या ही लिनक्स व इतर युनिक्ससदृश संगणक प्रणालींमध्ये एखादी फाइल कोणी वाचावी, बदलावी किंवा चालवावी हे ठरवणारी व्यवस्था आहे. एकच संगणक अनेक जण वापरत असत त्या काळी, म्हणजे १९७० च्या दशकात, ती युनिक्समध्ये घडली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्समध्ये तिचा मूळ आराखडा कायम राहिला. नवशिक्या वापरकर्त्याला तिची ओळख बहुधा 'परमिशन डिनाइड' या त्रुटिसंदेशातून होते.

स्वरूप

प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो. मालक, गट आणि इतर या तीन वर्गांसाठी वाचन (४), लेखन (२) व चालवणे (१) या परवानग्या स्वतंत्रपणे नोंदवल्या जातात. प्रत्येक वर्गाची बेरीज हा त्याचा अंक होय. उदाहरणार्थ, ६४४ म्हणजे मालकाला वाचन व लेखन, बाकीच्यांना केवळ वाचन.

निर्देशिकेच्या, म्हणजेच फोल्डरच्या, बाबतीत अर्थ बदलतो आणि बहुतेक गोंधळ येथेच होतो. तेथे 'चालवणे' म्हणजे आत प्रवेश करणे, तर 'लेखन' म्हणजे आतील नावे वाढवणे वा काढणे. म्हणून फाइल खोडता येईल की नाही हे सामान्यतः त्या फाइलच्या नव्हे, तर ती ज्या निर्देशिकेत आहे तिच्या परवानग्यांवर ठरते. मार्गावरील एकाही निर्देशिकेत प्रवेश नसेल, तर फाइल सर्वांना खुली असूनही उघडत नाही.

अडचणींचे निवारण

प्रथम 'आयडी' या आज्ञेने आपले खाते व गट, आणि 'एलएस -एल' ने फाइलचा मालक व परवानग्या पाहाव्यात. 'नेमआय -एल' ही आज्ञा संपूर्ण मार्गावरील परवानग्या एकत्र दाखवते. ती फारशी परिचित नसली तरी अतिशय उपयुक्त आहे. पूर्वी 'सुडो' वापरून तयार केलेली फाइल मूळ प्रशासकाच्या, म्हणजे 'रूट'च्या, मालकीची राहणे हे नेहमीचे कारण आहे. अशा वेळी 'सीएचओन' ने मालक बदलावा लागतो. केवळ परवानग्या चुकल्या असल्यास 'सीएचमॉड' पुरते. नव्या गटात समावेश झाल्यावर पुन्हा लॉगिन करणे आवश्यक असते.

सर्वत्र ७७७ देण्याचा सल्ला सर्रास आढळतो, परंतु त्यामुळे कोणत्याही खात्याला ती फाइल बदलता येते. काही प्रोग्राम तर अशा सैलपणामुळे उलट काम नाकारतात : इतरांना वाचता येणारी खाजगी किल्ली एसएसएच स्वीकारत नाही, तिला ६०० ही परवानगी योग्य ठरते. मूळ निर्देशिकेपासून सरसकट ७७७ लावल्यास 'सुडो'ची विशेष खूण पुसली जाते, व दुरुस्तीसाठी लागणारे ते साधनच निकामी होते.