हॅनवेलच्या शेडीतील ध्वनिवर्धक

जुन्या घरातला रेडिओ कळ फिरवताच बोलू लागत नसे. आधी काट्यामागचा दिवा उजळे, मग पेटीच्या पाठच्या फटींतून काचेच्या नळ्यांची तांबूस प्रभा दिसू लागे, आणि मंडळी आपापल्या जागी स्थिरस्थावर होतात न होतात तोच दुरून कोठून तरी आल्यासारखा निवेदकाचा आवाज हळूहळू जवळ येई. या नळ्यांना व्हॉल्व्ह असे नाव होते. पुढे ट्रान्झिस्टर आला. त्याने ती काच आणि ती ऊब दोन्ही मोडीत काढली, आणि व्हॉल्व्हची गणना चिमण्या-कंदिलांबरोबर होऊ लागली.

एका वर्गाने मात्र व्हॉल्व्हची साथ सोडली नाही. तो वर्ग म्हणजे विजेच्या गिटारचे वादक. रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथील कारखान्यांतून आजही नवे व्हॉल्व्ह बाहेर पडतात आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक हे वादकच आहेत. यंत्रशास्त्राने टाकून दिलेली वस्तू कलावंतांनी उराशी का धरावी, हे समजून घ्यावयाचे तर लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल नावाचे उपनगर आहे, तेथील १९६२ सालची हकीकत पाहणे सोयीचे होईल.

गिटार हे मुळात हलक्या आवाजाचे वाद्य. पितळी तुताऱ्यांच्या आणि ढोलांच्या ताफ्यात ते वाजविणाऱ्याची बोटे दिसत, स्वर ऐकू येत नसत. १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बोशाम्प आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनी तारांखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे बसवून कंपनांचे रूपांतर विजेच्या अगदी क्षीण लहरींत केले. एवढ्याने भागत नाही. त्या लहरी हजारपटींनी वाढवून कर्ण्यापर्यंत पोचविणारे दुसरे यंत्र पाहिजे. त्यालाच ध्वनिवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, म्हणतात.

त्याचे हृदय म्हणजे व्हॉल्व्ह. हवा काढून घेतलेल्या नळीत एक भाग तापवून लाल केलेला असतो. त्यातून विद्युत्कण निघून समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसविली, आणि तेथून सारा इतिहास पालटला. जाळीवरचा विजेचा दाब किंचित हलला तरी पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात हलतो. पाटकऱ्याने पाटाची फळी बोटभर उचलावी आणि खाली शेतभर पाणी धावावे, तसाच हा प्रकार.

अशी यंत्रे घरी जोडण्याचा नाद इंग्लंडात महायुद्धानंतर विशेष बळावला. युद्धात हजारो तरुण बिनतारी आणि रडार यांचे काम शिकले होते. सैन्याने विकून टाकलेले सुटे भाग लंडनच्या लिल स्ट्रीटवरील दुकानांतून स्वस्तात मिळत. अशात १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण इंजिनिअरने एका ध्वनिवर्धकाची सविस्तर आखणी प्रसिद्ध केली. त्यात केटी ६६ या इंग्लिश बनावटीच्या व्हॉल्व्हची जोडी होती. ग्रामोफोनच्या तबकडीवर जे आहे ते जसेच्या तसे, तीळभरही न बदलता, कानी पडावे, एवढाच विल्यमसनचा ध्यास. त्याच्या यंत्रातील विकृती शेकडा एक-दशांशाहूनही कमी होती. जगभरच्या हौशी लोकांनी स्वयंपाकघरातील टेबलांवर ते यंत्र बांधले. एका पिढीची अशी ठाम श्रद्धा बनली की, चांगला ध्वनिवर्धक तोच, जो स्वतःचे काहीही बोलत नाही.

ही श्रद्धा लक्षात ठेवावयास हवी, कारण पुढे तिलाच धक्का बसला.

१९५६ पासून इंग्लंडात तरुणांच्या हाती गिटार आली ती गेलीच नाही. अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर १९५९ पर्यंत निर्बंध होते. ते उठल्यावरही त्यांच्या किमती सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होत्या. इंग्लिश कंपन्यांचे ध्वनिवर्धक मिळत, परंतु तरुण वादकांना हवा होता तो आवाज त्यांतून निघत नसे. ते वारंवार अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचे नाव घेत. या कंपनीचा मूळ पुरुष लिओ फेंडर हाही घरगुती कारागीरच. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी त्याचे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते.

हॅनवेलमध्ये अक्सब्रिज रस्त्यावर ७६ क्रमांकाच्या जागेत जिम मार्शल या गृहस्थाचे वाद्यांचे दुकान होते. मार्शल हा ढोलवादक आणि ढोलाचा शिक्षक. दुकानात मुले येत, बसत, तक्रारी करीत. रिची ब्लॅकमोर, पीट टाउनशेंड, बिग जिम सलिव्हन ही पुढे नावारूपास आलेली मंडळी त्यांत होती. तुमच्या दुकानात ढोल आहेत, मग आम्हांला हवा तसा ध्वनिवर्धक का नाही, असा त्यांचा सवाल असे. मार्शलला विजेचे ज्ञान नव्हते. पण गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकून घेण्याचा गुण त्याच्यापाशी होता, आणि व्यापारात हा गुण वाटतो तितका सुलभ नाही.

दुकानातील दुरुस्तीचे काम केन ब्रॅन पाही. आपणच ध्वनिवर्धक बनवू, ही कल्पना त्याने काढली. हाताशी त्याने डडली क्रेव्हन हा विशीही न गाठलेला मुलगा आणला. क्रेव्हन हेज येथील ई.एम.आय. कंपनीत उमेदवारी करीत होता. हेजचे हे नाव मराठी घरांना परके वाटेल, पण कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र ज्या तबकड्यांवर असे त्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे मूळ कारखाने तेथलेच. ब्रॅन आणि क्रेव्हन दोघेही हौशी बिनतारीवाले. केन अंडरवुड हा आणखी एक तरुणही लवकरच त्यांना मिळाला. दिवसा नोकरी, आणि रात्री घरामागच्या शेडीत डाखाची कांडी व तापलेले इस्तर, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

नमुना म्हणून त्यांनी फेंडरचा ‘बासमन’ निवडला. गंमत अशी की, हे यंत्र खर्जातील बास गिटारसाठी बनविले होते, पण साध्या गिटारच्या वादकांनाच त्याचा अधिक मोह पडला. त्यांनी त्याच्या मंडलाची नक्कल केली, हे लपविण्याजोगे नाही आणि त्यांनी ते लपविलेही नाही. परंतु नक्कल करावयाची तर भाग तेच हवेत, आणि भाग तर सातासमुद्रापलीकडचे! मग जे इंग्लंडात मिळेल ते घालणे प्राप्त झाले. ट्रान्स्फॉर्मर रेडिओस्पेअर्स या पुरवठादाराकडून आले. यंत्राची बैठक अल्युमिनियमच्या पत्र्याची झाली. आरंभीच्या पेट्यांत शेवटचे व्हॉल्व्ह अमेरिकन ५८८१ जातीचे होते, पण लवकरच त्यांची जागा विल्यमसनच्या त्याच केटी ६६ ने घेतली. पहिल्या पायरीवर फेंडरने १२ एवाय ७ हा सौम्य व्हॉल्व्ह ठेवला होता. त्याची वर्धनशक्ती ४४. त्या जागी ईसीसी ८३ आला, त्याची वर्धनशक्ती १००. फेंडरच्या पेटीत १० इंची चार कर्णे होते आणि पेटीची पाठ उघडी. येथे सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची कर्णे घेतले. ते एकेकटे एवढा जोर सोसेनात, म्हणून चार एकत्र बसविले आणि पेटीची पाठ बंद केली.

कागदावर पाहिले तर मंडल जवळजवळ तेच. कानाला मात्र ते राहिले नव्हते. पहिल्या पायरीवरच जोर दुप्पट वाढल्याने पुढचे व्हॉल्व्ह लौकर भरून वाहू लागले. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून अधिक दिले की स्वरलहरीचे माथे सपाट होतात, आणि त्या सपाट माथ्यांतून मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर जन्म घेतात. शिवाय माथे दबल्यामुळे छेडलेला स्वर पटकन विझत नाही. व्हायोलिनच्या गजाने ओढल्यासारखा लांबतो. विल्यमसनच्या शास्त्रात याला दोष म्हणतात. मराठी कानाला हा दोष समजावून सांगण्याची गरज पडू नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला नेमका उतार देतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतो, ते कशासाठी? तार घोडीला अलगद घासावी, तिच्यातून मूळ स्वराभोवती उपस्वरांचे वलय उठावे, यासाठीच. जवारी नसलेला तंबोरा शुद्ध असेल, पण त्याच्यापुढे गायला कोण बसेल? इंग्लंडातल्या पोरांना विजेच्या तारेची जवारी हवी होती. ती मागण्यास त्यांच्यापाशी शब्द नव्हता, एवढेच.

हे पहिल्या झटक्यात साधले नाही. एक पेटी बांधावी, वादकांनी ती ऐकावी, मान हलवावी, पुन्हा शेडीत न्यावी, असे पाच वेळा झाले. सहावी पेटी पसंत पडली. १९६२ च्या सप्टेंबरात ईलिंग येथील तळघरातल्या क्लबात ती वाजली. पहिल्याच दिवशी तेवीस मागण्या आल्या, असे मार्शल सांगत असे.

या कामातील धोक्याविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. व्हॉल्व्हच्या पेटीत चारशेहून अधिक व्होल्टचा दाब खेळत असतो. पेटीतील मोठे कंडेन्सर वीज साठवून धरतात. भिंतीतली पिन उपसून घेतली तरी ते काही काळ भरलेलेच राहतात, आणि उघड्या पेटीत निर्धास्तपणे घातलेल्या हातास तेच प्राणघातक ठरू शकतात. म्हणून जुने कारागीर आधी कंडेन्सर रिकामे करीत आणि मोजणी करताना डावा हात खिशात ठेवीत. वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडली तर वाटेत काळीज असते! वादकाचा धोका निराळा. त्याची बोटे धातूच्या तारांवर असतात आणि त्या तारा यंत्राच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. जमिनीकडे जाणारी तार कोठे चुकली की प्रसंग गुदरतोच. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा गुणी वादक, हाती गिटार असताना अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून, श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत मृत्यू पावला. शेडीतल्या त्या मुलांच्या हातचे डाख केवळ आवाजाचे नव्हते, ते घेणाऱ्याच्या जिवाचेही होते.

मागणी वाढली तशी शेड अपुरी पडली. १९६४ साली मार्शलने कारखाना काढला, तो हेज येथेच. म्हणजे क्रेव्हन जेथे उमेदवारी करीत होता त्याच गावी. तरीही ध्वनिमुद्रण करणाऱ्या इंजिनिअरांचे मन वळले नव्हते. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ मंडळीचे मुद्रण डेक्काच्या स्टुडिओत व्हावयाचे होते. एरिक क्लॅप्टनने आपली मार्शलची पेटी क्लबात लावतात तशीच जोरात लावली आणि ती कमी करण्यास नकार दिला. काटे लाल रेघेकडे धावू लागले, आणि हे मुद्रण होणे नाही असे आतील मंडळींना वाटले. क्लॅप्टन ऐकेना. अखेर मायक्रोफोनच दूर सरकवावा लागला. ती तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यातील गिटारच्या आवाजाने एका पिढीचे कान कायमचे बदलले. इंजिनिअर चुकीचे होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. काटा जे दाखवीत होता ते खरेच होते. वाद होता तो काट्याने काय मोजावे याचा.

पेटीवर नाव लागले ते ‘जेटीएम ४५’. जे म्हणजे जिम, टी म्हणजे त्याचा मुलगा टेरी, एम म्हणजे मार्शल. पंचेचाळीस हा शक्तीचा आकडा. स्वच्छ स्वरात ती प्रत्यक्षात तीस-पस्तीस वॅटच देई. ब्रॅन आणि क्रेव्हन यांच्या आद्याक्षरांना त्यात जागा मिळाली नाही. दुकान मार्शलचे, पैसा त्याचा, जोखीम त्याची, गिऱ्हाइकांची कळकळ ऐकून घेणारे कानही त्याचेच, हे सारे खरे. तथापि मंडलाची आखणी आणि जुळणी ज्या हातांनी झाली त्यांत क्रेव्हनचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि इतिहासाच्या पुस्तकांबाहेर त्याचे नाव क्वचितच कोणी घेते. मार्शल २०१२ साली वारला तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याच्यावर मृत्युलेख लिहिले. क्रेव्हनच्या वाट्याला तसे काही आले नाही.

अजूनही जगात कोठे ना कोठे पहिल्यांदाच व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक बांधणारा हौशी माणूस टेबलावर जेटीएम ४५ चा आराखडा पसरून बसतो. सुट्या भागांचे तयार संच विकत मिळतात. तो ट्रान्स्फॉर्मर बसवतो, डाख देतो, प्रत्येक जोड तीनदा तपासतो, आणि मग पहिल्यांदा वीज सोडताना विजेच्या वाटेत एक साधा दिवा जोडून ठेवतो. जोडणीत कोठे गफलत असेल तर तो दिवा लखलखीत पेटतो आणि यंत्र वाचते. जोडणी बरोबर असेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो, आणि मग पेटीतल्या काचा हळूहळू तांबूस होऊ लागतात. हॅनवेलच्या शेडीतून पसंत होऊन बाहेर पडलेली ती सहावी पेटी मार्शल कंपनीने जपून ठेवली आहे. तिला तेथे ‘नंबर एक’ म्हणतात.