पिनोकिओ आणि बोलणारा रातकिडा

अ‍ॅनिमेशनपट म्हटला की शेवटी 'मेसेज' हवाच, नाही का? इसापनीतीतल्या तात्पर्यासारखा. पण हे तात्पर्य ठरवतं कोण? डिस्नेचा 'पिनोकिओ' (१९४०) बघून बहुतेकांच्या लक्षात एवढंच राहतं, की खोटं बोललं की नाक वाढतं. मूळ गोष्ट वाचली आणि मी चाटच पडलो!

ही गोष्ट फ्लॉरेन्सच्या कार्लो कोलोदी यांची. १८८१ मध्ये ती मुलांच्या एका इटालियन साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. चौथ्याच प्रकरणात एक बोलणारा रातकिडा येतो. शाळेत जा, नाहीतर एखादा धंदा तरी शीक, असं पिनोकिओला बजावतो. आणि हा लाकडी पोरगा काय करतो? हातोडा फेकून त्याला मारून टाकतो! पंधराव्या प्रकरणात खुद्द पिनोकिओला झाडाला फाशी. कोलोदींनी गोष्ट तिथेच संपवली होती. आग्रह झाला म्हणून पुढे लिहिली आणि १८८३ मध्ये पुस्तक निघालं.

एवढा कडकपणा कशासाठी? इटली एक देश झाला १८६१ मध्ये. बहुसंख्य जनता निरक्षर. १८७७ मध्ये कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. अशा काळात जेपेत्तो ऐन थंडीत अंगातला कोट विकून पोराला अंकलिपी आणतो, आणि पोरगं ती विकून बाहुल्यांचा खेळ बघतं! शेवटी पिनोकिओ माणूस होतो, पण कसा? आजारी बापाच्या पेलाभर दुधासाठी रहाट ओढून आणि रात्री जागून अभ्यास करून.

आता डिस्ने. 'स्नो व्हाइट' (१९३७) नंतर हा सिनेमा हाती घेतला, पण १९३८ मध्ये काम थांबवावं लागलं. मुळाबरहुकूम आगाऊ असलेल्या पिनोकिओबद्दल माया वाटेना. मग उपाय काय? पिनोकिओला गोड, निरागस केलं. रातकिड्याला जिवंत ठेवलं, जिमिनी क्रिकेट हे नाव दिलं आणि चक्क सदसद्विवेकबुद्धीच्या नोकरीवर नेमलं! वॉर्ड किंबॉल यांनी त्याला रूप दिलं. शेवटी पिनोकिओ बापाला देवमाशापासून वाचवताना जीव गमावतो आणि निळी परी त्याला खराखुरा मुलगा करते.

म्हणजे बघा, गोष्ट एकच, तात्पर्यं दोन. कोलोदी म्हणतात, मोठ्यांचं ऐक, शीक, कष्ट कर. डिस्ने म्हणतो, आतल्या आवाजाचं ऐक, धीट हो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, रिक्वायरमेंट बदलली! मुलांच्या सिनेमातला मेसेज, त्या काळातल्या मोठ्यांना मुलांकडून काय हवं होतं, हेच सांगत असतो.

मला विचाराल तर कोलोदींचा रातकिडा जास्त खरा वाटतो. कारण मारल्यावरही तो थांबत नाही; पुढे एका रात्री सावली होऊन पुन्हा सावध करायला येतो. गप्प केलेल्या मनाचं असंच असतं. तेव्हा घरच्या बच्चेकंपनीबरोबर 'पिनोकिओ' बघाल, तर तो हातोड्याचा प्रसंगही जरूर सांगा. मुलं घाबरणार नाहीत, उलट प्रश्न विचारतील!