धंदा कोणता?

आम्ही वैद्य नव्हे. कामगारांच्या सभा, वाटाघाटी आणि दवाखान्यातील बाके, एवढ्यावरच आमचे शिक्षण झाले. त्या बाकांवर बसून एक गोष्ट ध्यानात आली. यकृत वाढलेला कामगार आत गेला, की पहिला प्रश्न ठरलेला : ‘दारू पिता का?’ प्रश्न गैर नाही. पण तेवढ्यावर थांबणे गैर आहे.

१७०० साली इटलीतील मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : ‘तुमचा धंदा कोणता?’

या प्रश्नाचे मोल पावणेतीनशे वर्षांनी अमेरिकेतील लुइव्हिल शहरी कळले. तेथील बी. एफ. गुडरिच कंपनीच्या कारखान्यात व्हिनिल क्लोराइड वायूपासून पीव्हीसी प्लॅस्टिक बनत असे. प्रचंड भांड्यांना आतून चिकटलेला थर खरवडण्यासाठी कामगार आत उतरत. पुढे त्यांतील काहींना यकृतवाढ, कावीळ, पोटात रक्तस्राव होऊ लागला, लक्षणे नेहमीचीच. परंतु कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांनी ही माणसे एकाच कामावरची म्हणून पाहिली, आणि यकृताच्या रक्तवाहिन्यांचा अत्यंत दुर्मिळ कर्करोग तेथे पुनःपुन्हा होत असल्याचे उमगले. जानेवारी १९७४ मध्ये कंपनीने ते जाहीर केले.

त्याआधीच इटलीत बोलोन्या येथे चेझारे माल्तोनी यांना उंदरांत हाच रोग आढळला होता. हवेच्या दहा लक्ष भागांत २५० भाग वायू त्यास पुरला. कामगारांसाठी मर्यादा तेव्हा होती ५०० भागांची! ही वार्ता कंपन्यांना ठाऊक होती, कामगारांना नव्हती. १९७४ सालीच अमेरिकी सरकारने मर्यादा १ भागावर आणली. धंदा बुडणार अशी ओरड झाली. धंदा बुडाला नाही.

मूत्रपिंडाचीही अशीच कथा. वर्षानुवर्षे शिशाची धूळ शरीरात गेली, की मूत्रपिंडे हळूहळू आकसतात, रक्तदाब चढतो. आणि कागदावर कारण पडते नुसते ‘रक्तदाब’. मग भरपाई कसली मागणार?

म्हणून श्रोतेहो, डॉक्टरांनी न विचारले तरी आपले काम सांगा : कोणती पूड, कोणता वायू, किती वर्षे. पिंपावरील नाव कागदावर उतरवून न्या, आणि केसपेपरावर ते लिहून घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका.