किमुरा पेच : तळटीप
* किमुरा : प्रतिस्पर्ध्याचे मनगट एका हाताने धरायचे, दुसरा हात त्याच्या दंडाभोवतून नेऊन आपलेच मनगट पकडायचे आणि त्याचा वाकलेला हात पाठीकडे पिळायचा, असा हा खांद्याचा पेच. ज्युदोत हा उदे-गारामीचा एक प्रकार. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना स्टेडियममध्ये ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी ब्राझीलच्या जिउ-जित्सू घराण्यातील एलिओ ग्रेसींना यात अडकवले. एलिओ हार मानेनात; अखेर थोरले बंधू कार्लोस यांनी लढत थांबवली. ग्रेसींच्या जिउ-जित्सूत पुढे हा पेच जिंकणाऱ्याच्याच नावाने शिकवला जाऊ लागला. हरलेल्या घराण्याचे हे मोठेपण मला फार मोलाचे वाटते.

मूळ मजकुरात फक्त पिळाचे वर्णन आहे. खरे काम त्याआधीचे. धड मोकळे राहिले तर खालचा मल्ल पिळाच्या दिशेनेच लोळतो, हात सरळ करतो किंवा स्वतःचा पट्टा घट्ट धरतो. म्हणून त्याला किंचित कुशीवर आणून दंड आपल्या छातीशी आवळायचा, कोपर काटकोनात राखायचे, डोके पायाने अडवायचे. सरावात पीळ सावकाशच द्यावा. पुरेशी वेदना जाणवण्याआधीच खांद्याला इजा होऊ शकते. — संपादक