ओठ आणि शब्द यांची फारकत : सव्वाशे वर्षे जुन्या एका दोषाचा इतिहास

जुन्या कॅसेटवरची एखादी मुलाखत आपण संगणकावर उतरवून घेतो, फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतो आणि पाहायला बसतो. पहिली पाच मिनिटे सारे ठीक असते. मग वक्त्याचे ओठ आधी मिटू लागतात आणि शब्द मागाहून येतात. तासाभराने प्रश्न विचारणारा बोलताना दिसतो, पण आवाज उत्तर देणाऱ्याचा, अशी गत होते. आपण संगणकाला दोष देतो. वास्तविक या दोषाचे मूळ पुष्कळदा अशा निर्णयांत असते, जे आपल्या जन्मापूर्वीच घेतले गेले होते. हा धागा त्या निर्णयांविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होतो. एडिसनचे सहकारी विल्यम केनेडी लॉरी डिक्सन यांनी १८९४ च्या अखेरीस किंवा १८९५ च्या प्रारंभी एक प्रयोग केला. फोनोग्राफच्या मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून ते व्हायोलिन वाजवत आहेत आणि शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचत आहेत, असे ते चित्रण. चित्र फिल्मवर उमटले, आवाज मेणाच्या सिलिंडरवर. चित्र आणि ध्वनी एकत्र टिपण्याचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पुरावा होय. परंतु दोन्ही वस्तू वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या आणि त्यांचे नातेही विस्मरणात गेले. सिलिंडर १९६० च्या दशकात भंगलेल्या अवस्थेत हाती लागले. १९९८ मध्ये ते जोडून त्यातला आवाज काढण्यात आला. त्यावर सुमारे दोन मिनिटांचा ध्वनी होता, आणि चित्र होते अवघे सतरा सेकंदांचे.

मग त्या दोन मिनिटांतले नेमके कोणते सतरा सेकंद? शिवाय ती फिल्म सेकंदाला सुमारे चाळीस फ्रेम या गतीने टिपलेली, म्हणजे आजच्या कोणत्याच प्रचलित गतीशी न जुळणारी. सन २००० मध्ये प्रसिद्ध संकलक वॉल्टर मर्च यांनी दोन्ही गोष्टी संगणकावर घेऊन, चित्राची गती बदलून, व्हायोलिनच्या गजाची हालचाल आणि स्वर यांचा मेळ घातला. शंभर वर्षांहून अधिक काळ परस्परांना पारखे झालेले चित्र आणि आवाज पुन्हा एकत्र आले. आपण घरी बसून जे करू पाहतो, ते तत्त्वतः हेच काम आहे.

आता १९२६ कडे वळू. वॉर्नर ब्रदर्सच्या ‘डॉन वॉन’ या चित्रपटाबरोबर व्हायटाफोन पद्धत लोकांपुढे आली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द जॅझ सिंगर’मुळे ती जगभर गाजली. या पद्धतीत आवाज सोळा इंची तबकडीवर असे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि सुई आतून बाहेर सरकत जाई. फिल्म मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम, या गतीने धावे. आज सर्वत्र मानला जाणारा २४ चा आकडा या बोलपटांमुळेच स्थिर झाला. त्यापूर्वी मूकपटांत कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि प्रत्येक कॅमेरामनचा हात निराळा. फाळक्यांच्या काळची दृश्ये दूरचित्रवाणीवर पाहताना माणसे तुरुतुरु चालताना दिसत, त्याचे कारण हेच. कमी गतीने टिपलेले अधिक गतीने दाखवले जाई.

व्हायटाफोनचा खरा शत्रू होता फिल्मचे तुटणे. फिल्म तुटली की प्रक्षेपक दोन-चार फ्रेम कापून टोके जोडी. मूकपटात ते कोणाच्या ध्यानातही येत नसे. इथे मात्र तबकडीवरचा आवाज तेवढाच राही आणि चित्र आखूड होई. त्या क्षणापासून रीळ संपेपर्यंत ओठ पुढे, आवाज मागे. उपाय साधा आणि कडक होता : जितक्या फ्रेम गेल्या, बरोबर तितक्याच काळ्या फ्रेम त्या जागी जोडायच्या. क्षणभर पडदा काळा होई, पण मेळ टिके. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’ या चित्रपटात चित्र आणि आवाज यांची फारकत होऊन नायिकेच्या तोंडी पुरुषाचा आवाज येतो, तो प्रसंग ज्यांनी पाहिला असेल त्यांना तेव्हाच्या चित्रगृहचालकांची धाकधूक समजेल. काळ्या फ्रेमचा हा उपाय लक्षात ठेवावा. तो पुढे कामास येणार आहे.

तबकडीवर मात करणारी पद्धत आवाज फिल्मच्याच कडेला, प्रकाशाच्या पट्टीच्या रूपाने उमटवण्याची. फिल्म तुटली तरी दोन्ही एकत्रच तुटणार. तथापि इथेही एक मेख होती. चित्र दाखवताना फिल्म क्षणोक्षणी थांबावी लागते, तर आवाज वाचताना ती अखंड, संथ सरकावी लागते. दोन्ही कामे एकाच जागी होणे अशक्य. म्हणून ३५ मिलिमीटर फिल्मवर आवाज आपल्या चित्राच्या सुमारे वीस फ्रेम पुढे छापला जातो. हे अंतर सुमारे पंधरा इंच भरते. प्रक्षेपकाने फिल्म चढवताना मधला वळसा लहान-मोठा ठेवला, तर सबंध रीळभर आवाज सारख्याच अंतराने चुके. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या अर्देशीर इराणींच्या ‘आलम आरा’चे चित्रण तनार या यंत्रणेवर झाले होते. तिच्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी टिपले जात. या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. त्यातले ओठ आणि शब्द किती जुळत होते, हे आता कोणीच तपासू शकणार नाही.

इथवर दोषाचे दोन प्रकार झाले : एका जागी बसलेला धक्का आणि सर्वत्र सारखे राहणारे अंतर. तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण तो हळूहळू वाढतो. त्याची जन्मतारीख १७ डिसेंबर १९५३.

त्या दिवशी अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीच्या एनटीएससी पद्धतीला मान्यता मिळाली. कृष्णधवल प्रक्षेपण सेकंदाला तीस फ्रेमचे होते. रंगाचा नवा संकेत त्यात मिसळल्यावर तो आवाजाच्या लहरीशी झगडून पडद्यावर नक्षी उमटवील, अशी भीती अभियंत्यांना होती. आवाजाची वारंवारिता हलवली असती, तर घरोघरचे जुने संच अडचणीत आले असते. म्हणून चित्राची गतीच १००० ला १००१ या प्रमाणात किंचित कमी करण्यात आली. तीसचे झाले सुमारे २९.९७. फरक किती? हजारात एक. परंतु तीस फ्रेमच्या हिशेबाने मोजलेला एक तास या गतीने दाखवला, तर ३.६ सेकंद जास्त लागतात. तीन तासांत जवळजवळ अकरा सेकंद. आवाज वाचवण्यासाठी चित्र मंद केले, आणि पुढे चित्र व आवाज वेगळे झाल्यावर त्याची किंमत आवाजानेच मोजली. हा काव्यगत न्याय मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे.

भारताने पाल पद्धत स्वीकारली आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या सुमारास आपल्याकडे रंग आला. इथे गती नेमकी २५, त्यामुळे अपूर्णांकाचा जाच नाही. पण चित्रपट २४ चा. तो सर्रास २५ ने चालवला जाई. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि गाणे मूळ पट्टीपेक्षा चढे, जवळजवळ अर्ध्या स्वराइतके. दोन्ही एकत्र धावत असल्याने ओठ जुळत. मात्र अशा प्रतीतले चित्र घेऊन त्याला ध्वनिमुद्रिकेवरचा मूळ आवाज लावला, की सहा मिनिटांची तफावत पडते.

आवाजाच्या अंकीकरणातही दूरचित्रवाणीचीच छाप आहे. ऑडिओ सीडीचा ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून? आरंभी अंकीय ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवला जाई. एका रेषेत तीन नमुने, २४५ रेषा, सेकंदाला साठ वेळा : गुणाकार करून पाहा. युरोपीय टेपवर तीन नमुने, २९४ रेषा, पन्नास वेळा : उत्तर तेच. व्हिडिओच्या जगाने मात्र पुढे ४८,००० स्वीकारला. ४८,००० ने नोंदलेला तासाचा आवाज एखाद्या प्रोग्रामने ४४,१०० चा समजून वाजवला, तर तो पासष्ट मिनिटांहून अधिक चालतो आणि बोलणारा झोपेत असल्यासारखा वाटतो.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एव्हीआय फाइल आणली. तिच्यात प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का नसतो. फ्रेम मोजायच्या आणि ठरलेल्या गतीने भागायचे, इतकाच हिशेब. बदलत्या बिटरेटचा एमपी३ आवाज तिच्यात कोंबला, की हा हिशेब अनेकदा कोलमडे. त्याच सुमारास आकारास आलेल्या एमपेग मानकांनी प्रत्येक फ्रेमला वेळेचा शिक्का दिला आणि त्यासाठी सेकंदाचे ९०,००० भाग केले. या संख्येला २४ ने भागा, २५ ने भागा, तीसने भागा, भाग पूर्ण जातो. त्या कुप्रसिद्ध २९.९७ चीही एक फ्रेम नेमकी ३००३ भागांची होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी संख्या.

आजचे मोबाइल पुन्हा गोंधळ घालतात. प्रकाश कमी झाला, की अनेक फोन फ्रेमची संख्या आपोआप घटवतात. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचाच हा नवा अवतार. वेळेचे शिक्के न पाहता सरासरी गती गृहीत धरणाऱ्या प्रोग्रामने अशी फाइल बदलली, की मेळ गेलाच. अशा चित्रणाचे संकलन करण्यापूर्वी हँडब्रेकसारख्या प्रोग्राममधून ते स्थिर गतीचे करून घ्यावे.

आता निदान. चुकीचे अंतर फाइलच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी असे तीन ठिकाणी मोजावे. व्हीएलसीमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवता येतो, त्यावरून अंदाज मिळतो. तिन्ही ठिकाणी अंतर सारखे असेल, तर तो फिल्मच्या वळशाचा वंशज. आवाज तेवढाच सरकवावा, बाकी काही करू नये. अंतर प्रमाणात वाढत असेल, तर भागाकार करावा. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास आले तर १९५३ चा वारसा. चार टक्क्यांचा फरक आला तर २४ आणि २५ चे भांडण. आठ-नऊ टक्के आले तर ४४,१०० आणि ४८,०००. अंतर मध्येच एका क्षणी उडी घेत असेल, तर कॅसेट उतरवताना तिथल्या फ्रेम गळाल्या आहेत. जीर्ण व्हीएचएसमध्ये हे वारंवार घडते. तिथे व्हायटाफोनचाच उपाय : जितक्या गळाल्या तितक्या फ्रेम त्याच जागी भरणे. पूर्ण आवाज ताणून बसवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने शेवट जुळतो आणि मधले सारे बिघडते.

किती चूक चालते? १९९८ च्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला जाणवतो, पण उशिरा येणारा आवाज सुमारे १२५ पर्यंत जाणवत नाही. पलीकडच्या काठावर कपडे आपटणारा धोबी ज्याने पाहिला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. आवाज मागाहून येणे निसर्गात नित्याचे, आधी येणे अघटित.

राहता राहिला कळीचा प्रश्न : चूक चित्राची की आवाजाची? स्वातंत्र्यसैनिकाची किंवा गिरणी कामगाराची मुलाखत असेल, तर त्याच्या आवाजाची मूळ पट्टी हा पुराव्याचाच भाग आहे. अंदाजाने ती बदलणे बरे नव्हे. जुन्या ध्वनिमुद्रणात पुष्कळदा विजेची गुणगुण मुरलेली असते. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये आवाजाचा आलेख काढून पाहावा. गुणगुण ५२ च्या आसपास दिसली तर आवाज चार टक्के वेगाने धावतो आहे, आणि ४६ च्या आसपास दिसली तर नमुन्यांचा आकडा चुकला आहे. आपल्या वीजजाळ्याची वारंवारिता पूर्वी बरीच खालीवर होत असे, त्यामुळे हजारात एकचा फरक या युक्तीने पकडता येणार नाही, पण मोठ्या चुका नक्की सापडतात. दुरुस्त प्रत वेगळ्या नावाने जतन करावी, कोणते प्रमाण वापरले ते सोबतच्या मजकूर-फाइलीत तारखेसह लिहावे, आणि मूळ कॅसेट व तिच्यावरून उतरवलेली पहिली फाइल आहे तशीच ठेवावी.