हॅलबर्ड : स्विस शेतकऱ्यांचें शस्त्र

युरोपच्या मध्ययुगांत रणांगण ही घोडेस्वार सरदारांची मिरास समजली जाई. ती समजूत स्विस डोंगरांतील शेतकऱ्यांनीं व गुराख्यांनीं मोडली. त्यांचें शस्त्र हॅलबर्ड. पुरुषभर उंचीच्या दांड्यास कुऱ्हाडीचें पातें व माथ्यावर टोंक. कालांतरानें मागील बाजूस आंकडाहि आला. टोंकानें घोडा थोपवावा, आंकड्यानें स्वार खालीं ओढावा, पात्यानें घाव घालावा. १३१५ सालीं मॉर्गार्टनच्या अरुंद वाटेंत त्यांनीं ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या स्वारांची दैना उडविली. या शस्त्रानें चिलखतधारी वीर वस्तऱ्यानें कापावे तसे कापले गेले, असें विंटरथूरच्या योहाननें आपल्या बखरींत लिहिलें आहे.

तथापि शस्त्राचा महिमा गातांना तारतम्य सोडूं नये. १४२२ सालीं आर्बेडो येथें मिलानच्या पायउतार स्वारांच्या लांब भाल्यांपुढें हा दांडा अपुरा पडला. तेव्हां स्विसांनीं पाइक नामक लांबलचक भाल्यांची संख्या वाढविली. हॅलबर्डधारी व्यूहाच्या मध्यभागीं गेले. १४७७ सालीं नान्सी येथें बरगंडीचा बलाढ्य ड्यूक चार्ल्स पडला, तो अशा सैन्यापुढें. हातीं पोलादी पातें आलें म्हणजे शेतकरी सरदाराची बरोबरी करूं शकतो. ती टिकविण्यास मात्र पराभवाचा धडा गिरवावा लागतो.