प्रत एकाच छताखाली नको

१७ मे १९९२ रोजी वेढ्यातल्या सारायेवोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटवर आगलावे तोफगोळे पडले. अरबी, फारसी, तुर्की आणि बोस्नियन भाषांतली ५००० हून अधिक हस्तलिखिते जळाली. त्याच शहरातल्या १५३७ सालच्या गाझी हुस्रेव-बेग ग्रंथालयाची हस्तलिखिते मात्र वाचली, कारण कर्मचाऱ्यांनी गोळीबारातही खोकी उचलून त्यांच्या जागा पुन्हापुन्हा बदलल्या. जळालेल्यांपैकी काहींचा मजकूर परत मिळाला, तोही परदेशी अभ्यासकांनी पूर्वी नेलेल्या मायक्रोफिल्म आणि झेरॉक्स प्रतींमुळे.

आज आपल्या मशिदींचे हिशेब, वक्फचे कागद, निकाहच्या नोंदी संगणकात आहेत. बॅकअपची डिस्क बहुधा शेजारच्याच कपाटात असते. चोर आला तर दोन्ही नेईल, आग लागली तर दोन्ही जातील. अग्निरोधक तिजोरीवरही विसंबू नये. कागदपत्रांची तिजोरी आतले तापमान साधारण १७७ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवते. त्यात कागद टिकतो, पण चुंबकीय टेपसाठी साधारण ६६ अंशांच्या आतली वेगळी तिजोरी लागते.

म्हणून एक प्रत दुसऱ्या मोहल्ल्यात, शक्य तर दुसऱ्या गावात, विश्वासू माणसाकडे कुलपात ठेवावी. हे दफ्तर पुढच्या पिढीची अमानत आहे.